बैठक

‘पावर किती?’ दुर्बीण घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो. १९८५च्या दिवाळीत मीही विचारला होता. हॅलेचा धूमकेतू यायचा होता, भोसरीच्या एका वर्कशॉपात मी फिटर होतो आणि बोनस नुकताच हातात पडला होता. खोक्यावर ‘४५० पट’ छापलेली ६० मिलिमीटरची दुर्बीण उचलली आणि त्याच रात्री गच्चीवर गुरूला लावली. तिचे पाय छत्रीच्या काड्यांसारखे. फोकसच्या चकतीला बोट लागलं की गुरू थयथय नाचायचा. हात काढून तो शांत होईपर्यंत थांबावं, तर तेवढ्यात तो नजरेबाहेर सरकलेला. ६० मिलिमीटरच्या भिंगाला १२० पटींपुढे ताणण्यात अर्थ नसतो, हे नंतर कळलं. पण खरी खोट पायांत होती.

गाण्याला बैठक लागते, अभ्यासाला लागते, तशी दुर्बिणीलाही लागते. तेव्हापासून मी दुर्बिणीचा इतिहास पायांकडून वाचतो.

आकाश तासाला १५ अंश सरकतं. शंभर पटींनी पाहताना नजरेत जेमतेम अर्धा अंश मावतो, म्हणजे विषुववृत्ताजवळचा तारा दोन मिनिटांत या काठावरून त्या काठावर जातो. फ्राउनहोफरनं १८२४मध्ये डॉरपाटच्या, म्हणजे आजच्या एस्टोनियातल्या तार्तूच्या वेधशाळेसाठी दुर्बीण केली, तेव्हा तिचा एक आस पृथ्वीच्या आसाला समांतर ठेवला आणि त्याला घड्याळाची यंत्रणा जोडली. तारा चालेल तशी दुर्बीण चालायची. ‘इक्वेटोरियल’ बैठकीचा थाट तिथून रूढ झाला.

पुण्यानंही तो पाहिला आहे. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून सायन्स कॉलेजात १८८८मध्ये महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. कावसजी दादाभाई नायगमवाला तिचे प्रमुख आणि दुर्बीण ग्रब कंपनीची, २० इंची. १९१२मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली.

हौशी माणसाला असली बैठक परवडायची नाही. भिंगाच्या जागी चालणारा आरसा मात्र हातानं होत असे. सारख्या आकाराच्या दोन काचा एकमेकींवर ठेवायच्या, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी घालून घासायचं. वरची खोलगट होते, खालची फुगीर. मग बारीक पूड, त्याहून बारीक, शेवटी राळेच्या थरावर सेरियम ऑक्साइडनं पॉलिश. ४८ इंच फोकसच्या सहा इंची आरशाला मध्यभागी खोली लागते फक्त १.२ मिलिमीटर. महिनाभर संध्याकाळी घासून मीही एक केला. घोडं अडलं ते बैठकीवर. नळाच्या पाइपचे टी आणि एल्बो जोडून इक्वेटोरियल बनवली. सांधे आट्यांवर फिरायचे, कितीही ग्रीस थापलं तरी मध्येच अडायचे आणि जोर लावला की उडी मारायचे.

यावरचा तोडगा एका संन्याशानं काढला होता. जॉन डॉब्सन १९४४मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीच्या, म्हणजे रामकृष्ण संघाच्या, मठात दाखल झाला. गाठीला पैसा नाही, म्हणून जहाजाच्या खिडकीची जाड काच घासून आरसा, पुठ्ठ्याची नळी आणि प्लायवूडचं खोकं. आजूबाजूच्या मुलांना तारे दाखवायला तो दुर्बिणी बाहेर ढकलत नेई. मठाला ते रुचलं नाही आणि १९६७मध्ये त्याला बाहेर पडावं लागलं. पुढच्याच वर्षी त्यानं सोबत्यांबरोबर ‘साइडवॉक अ‍ॅस्ट्रॉनॉमर्स’ सुरू केलं, फुटपाथवर येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र दाखवणारं मंडळ.

त्याच्या खोक्याला हालचाली दोनच: डावी-उजवी आणि वर-खाली. घड्याळ नाही, ध्रुवताऱ्याशी जुळवणं नाही. नळी स्वतःच्या वजनानं खाचेत बसते. खाली टेफ्लॉनच्या चकत्या लावल्या की सुरू होताना हिसका बसत नाही, सोडली की आहे तिथेच थांबते. पहिल्यांदा ती हलवली तेव्हा वीस वर्षं बेअरिंगं बसवणारा मी गप्प झालो. डॉब्सननं पेटंट घेतलं नाही. जुन्या काळी तोफा अशाच बैठकीवर बसायच्या, असं तो सांगे.

फोटोची गोष्ट वेगळी, कारण तिथे ताऱ्यामागे जावंच लागतं. स्कॉटलंडच्या जॉर्ज हेगनं १९७५मध्ये त्यासाठी दोन फळ्या आणि एक बिजागरी पुरवली. बिजागरीचा दांडा ध्रुवताऱ्याकडे रोखायचा. पुण्यात तो जमिनीशी साडेअठरा अंशांचा कोन करतो. दांड्यापासून २२८.५ मिलिमीटरवर एम-सिक्सचा बोल्ट. त्याचे आटे एक मिलिमीटरचे, म्हणून मिनिटाला एक फेरा दिला की वरची फळी आकाशाच्या चालीनं उघडते. मनगटावरच्या सेकंद काट्याबरोबर बोल्ट फिरवत मी ५० मिलिमीटरच्या लेन्सनं मृगाचे पाच-पाच मिनिटांचे फोटो घेतले आहेत. फळीशिवाय दहा-पंधरा सेकंदांत ताऱ्यांच्या रेघा होतात. आज दुकानात मिळणारा स्टार ट्रॅकर करतो तेच, फक्त बोल्ट फिरवायला मोटर असते.

आता पोरं विचारतात, ‘काका, कुठला कॅमेरा घेऊ?’ मी म्हणतो, आहे तो चालेल. पैसे पायांत घाल. नुसतं बघायचं असेल तर सहा इंची डॉब्सोनियन घे.

ती ६० मिलिमीटरची दुर्बीण अजून आहे. तिचे पाय मी भंगारात दिले आणि नळी प्लायवूडच्या खोक्यात बसवली. साठ पटींवर ती शनीचं कडं दाखवते. सोसायटीतली पोरं रांगेनं डोळा लावतात, नळीला धक्के देतात, आणि शनी थयथय नाचत नाही.