पडद्यावरचा मर्फी आणि आमचे आजोबा

आमचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून इटलीत लढले. त्यांच्या गोष्टींत डोंगरातला चिखल, दारूगोळा वाहणारी खेचरं आणि नदीपलीकडचे जर्मन असायचेच. पण एक अमेरिकन पोरगाही असायचा, ऑडी मर्फी. दोघांची गाठ कधी पडली नव्हती. पुढं पुण्याच्या कॅम्पात आजोबांनी मर्फीच्या युद्धकथेवरचा ‘टू हेल अँड बॅक’ हा सिनेमा पाहिला आणि मर्फी त्यांचा पलटणभाऊ झाला.

“आपल्या भरतीत असलं किडकिडीत पोर छाती मोजायच्या आधीच माघारी धाडलं असतं,” असं ते म्हणायचे. तिकडंही तेच झालं होतं. टेक्ससमधल्या वाटेकरी शेतकऱ्याचा हा मुलगा. बाप घर सोडून गेलेला, १९४१ मध्ये आईही गेली. कापूस वेचून आणि सशांची शिकार करून त्यानं भावंडांची पोटं भरली. मरीन्सनी त्याला नाकारलं. अखेर बहिणीनं वय वाढवून प्रतिज्ञापत्र दिलं आणि १९४२ मध्ये तो पायदळात शिरला.

सिसिली, अँझिओ, मग दक्षिण फ्रान्स. १९४४ साली मर्फी अँझिओत लढला. त्याच वर्षी जुलैत आमच्या मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे टायबर नदीच्या खोऱ्यात पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आजोबा ही दोन्ही नावं एका दमात घ्यायचे.

२६ जानेवारी १९४५. फ्रान्सच्या अल्सास भागातलं होल्ट्झवीर गाव, सगळीकडे बर्फ. समोरून सहा जर्मन रणगाडे आणि मागं पायदळ. मर्फीनं आपली माणसं जंगलात माघारी पाठवली आणि स्वतः टेलिफोनवरून तोफखान्याला मारा कुठं करायचा ते सांगत थांबला. शेजारी आपलीच रणगाडाभेदी गाडी पेटलेली. आतला दारूगोळा कधीही उडाला असता. तो तिच्यावरच चढला आणि तिथली मशीनगन चालवत राहिला, जवळजवळ तासभर. पायाला जखम झाली होती, तरी नंतर माणसं घेऊन त्यानं उलट हल्लाही केला. या कामगिरीबद्दल त्याला ‘मेडल ऑफ ऑनर’ हे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं.

‘लाइफ’ नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर झळकलेला हा चेहरा अभिनेता जेम्स कॅग्नीनं हॉलिवूडला बोलावून घेतला. १९५५ च्या त्या सिनेमात मर्फीनं स्वतःचीच भूमिका केली. सिनेमा तुफान चालला. आजोबांची तक्रार एवढीच, की पडद्यावरचा शिपाई आरोळी ठोकत धावतो. “खरं धावताना जीभ टाळूला चिकटती रं!”

एक गोष्ट मात्र आजोबांनी कधी सांगितली नाही, ती आजीकडून कळली. झोपलेल्या आजोबांना ती कधी हात लावून उठवत नसे. दाराशी उभी राहून हाक मारायची. मर्फीच्या रात्रीही अशाच होत्या. तो उशाखाली भरलेलं पिस्तूल घेऊन झोपायचा. झोपेच्या गोळ्यांची सवय लागली, तेव्हा आठवडाभर स्वतःला खोलीत कोंडून घेऊन त्यानं ती मोडली. पण त्यानं हे लपवलं नाही. कोरिया आणि व्हिएतनामहून परतलेल्यांच्या मनाच्या जखमांकडेही सरकारनं बघावं, असं तो उघड बोलत राहिला. १९७१ मध्ये विमान अपघातात तो गेला.

मानपत्रात एका तासाची हकिकत मावते, त्यानंतरच्या रात्री मावत नाहीत. पेटत्या गाडीवर चढण्याइतकंच धाडस त्या रात्रींबद्दल बोलायला लागलं असणार, असं मला वाटतं. तुमच्या घरात कुणी जुना फौजी असेल, तर त्याची लढाईची गोष्ट जरूर ऐका. आणि ऐकून झाली की रात्री झोप लागते का, हेही विचारा.