अर्व्हिंग क्रिस्टल आणि नवपरंपरावाद

राजकीय पंथांची नावे पुष्कळदा त्यांच्या विरोधकांनीच ठेविलेली असतात. इंग्लंडातील 'टोरी' व 'व्हिग' ही दोन्ही नावे मुळात निंदावाचकच होती. अमेरिकेतील 'निओकॉन्झर्व्हेटिव्ह' हे नावही याच वर्गात मोडते. १९७३ मध्ये मायकेल हॅरिंग्टन या समाजवादी लेखकाने डाव्या विचारापासून दूर जाऊ लागलेल्या काही समकालीनांना ते उपरोधाने लावले व प्रचारात आणले. बहुतेकांनी ते नाकारले. अर्व्हिंग क्रिस्टल (१९२०–२००९) यांनी मात्र ते उघडपणे स्वीकारले. हा स्वीकार कितपत सार्थ होता, याचा विचार येथे करावयाचा आहे.

'कॉन्झर्व्हेटिव्ह' या शब्दासाठी मराठीत 'सनातनी', 'पुराणमतवादी', 'स्थितिप्रिय' असे पर्याय योजिले जातात. क्रिस्टल यांच्या पूर्वायुष्यास यांपैकी एकही लागू पडत नाही. ब्रुक्लिनमधील एका सामान्य ज्यू कुटुंबात ते वाढले आणि न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात शिकत असता ट्रॉट्स्कीच्या अनुयायांत वावरले. १९४० मध्ये पदवी व त्यानंतर महायुद्धातील सैनिकी सेवा झाल्यावर, १९४७ ते १९५२ या काळात ते 'कॉमेंटरी' मासिकाच्या संपादनकार्यात होते. १९५३ मध्ये त्यांनी स्टीफन स्पेंडर यांच्यासह लंडनमध्ये 'एन्काउंटर' सुरू केले. ज्या आंतरराष्ट्रीय सांस्कृतिक संघटनेचे हे मासिक होते, तिच्याशी संलग्न भारतीय समितीने १९५५ मध्ये मुंबईत 'क्वेस्ट' काढले, हे मराठी अभ्यासकांस ठाऊक असेलच. या संघटनेस अमेरिकी गुप्तचर खात्याचा पैसा मिळत होता, असे १९६७ मध्ये उघडकीस आले. आपणांस त्याची कल्पना नव्हती, असे क्रिस्टल यांनी नंतर लिहिले.

त्यांचे खरे कार्य १९६५ मध्ये डॅनिअल बेल यांच्या सहकार्याने काढलेल्या 'द पब्लिक इंटरेस्ट' या त्रैमासिकात आढळते. अध्यक्ष जॉन्सन यांच्या दारिद्र्यनिर्मूलनाच्या योजना तेव्हा नुकत्याच आकार घेत होत्या. त्यांना सरसकट विरोध करावा, हा या नियतकालिकाचा हेतू नव्हता. धोरणाची परीक्षा त्यामागील सद्‌हेतूवरून न करता त्याच्या फलावरून करावी, एवढाच त्याचा आग्रह होता. १९७१ च्या एका निबंधात क्रिस्टल यांनी निराधार कुटुंबांच्या साहाय्ययोजनेची अशी परीक्षा केली. बेकारी घटत असताही साहाय्य घेणारांची संख्या का वाढावी, हा त्यांचा प्रश्न होता. हे साहाय्यच कुटुंबातील कर्त्या पुरुषाचे स्थान दुर्बल करिते, असे त्यांचे उत्तर होते. ते सर्वमान्य झाले नाही. परंतु प्रश्न विचारण्याची रीत रूढ झाली. तरीही रूझवेल्ट यांच्या काळापासून चालत आलेले वृद्धांचे निवृत्तिवेतन त्यांनी कधी त्याज्य मानले नाही. जुन्या परंपरावाद्यांपासून त्यांचे वेगळेपण येथेच स्पष्ट होते.

तथापि ही कसोटी त्यांनी स्वपक्षास तितक्याच काटेकोरपणे लावली काय? १९७२ मध्ये त्यांनी निक्सन यांस पाठिंबा दिला. पुढील वर्षी बेल संपादकपदावरून दूर झाले. १९७५ मध्ये करकपातीतूनच समृद्धी येईल, असे प्रतिपादन करणारा ज्यूड वानिस्की यांचा लेख याच त्रैमासिकात आला. रेगन यांच्या कारकीर्दीत हे मत राज्यधोरण झाले आणि तूटही वाढली. नवे राजकीय बहुमत उभारणे महत्त्वाचे वाटल्यामुळे तुटीकडे आपण बेफिकिरीने पाहिले, असे क्रिस्टल यांनी १९९५ मध्ये स्वतःच लिहून ठेविले. हेतूवरून धोरण पारखू नये असे सांगणाऱ्याने येथे हेतूसच प्राधान्य दिले, असे म्हणणे भाग आहे.

सारांश, नावातील 'नव' सार्थ ठरते; 'परंपरा' अर्धीच खरी ठरते. त्यांच्या विचाराचे मर्म परिणामांविषयीच्या साशंकतेत होते, आणि ते नावात कोठेच उमटत नाही. त्रैमासिक २००५ मध्ये बंद पडले. ती कसोटी मात्र आज कोणत्याही पक्षाच्या धोरणास लावता येते. खुद्द तिच्या पुरस्कर्त्यासही ती लावावी, हेच त्याच्या कार्याचे यथार्थ मूल्यमापन होय.