पहारेकऱ्यांना आवरणाऱ्या पेशी

1956 मध्ये राज्य पुनर्रचना होईपर्यंत धारवाड जिल्हा मुंबई राज्यात होता. त्यामुळे हुबळी-धारवाडकडच्या कॅन्सर उपचारांचा जुना इतिहास शोधायचा, तर मिरज-पुण्यावरून परळला जावं लागतं, 28 फेब्रुवारी 1941 रोजी सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयात. पुढे हुबळीच्या नवनगरात डॉ. आर. बी. पाटील यांनी कॅन्सर रुग्णालय उभं केलं. तंबाखू-सुपारीने होणारा तोंडाचा कॅन्सर मात्र या भागातून अजून हटलेला नाही.

परळच्या प्रयोगशाळेत डॉ. वसंत रामजी खानोलकरांचं लक्ष माणसाच्या सवयींवर असे. तो काय चघळतो, काय ओढतो, अगदी धोतर कमरेला कुठे काचतं, हेसुद्धा ते पाहत. त्या काचण्यातून होणाऱ्या कॅन्सरची नोंद त्यांनी 1945 मध्ये केली. त्यांच्या शिष्या कमल रणदिवे उंदरांमधल्या स्तनाच्या कॅन्सरकडे वळल्या. पण गाठ वाढत असताना शरीराच्या संरक्षक पेशी गप्प का बसतात, याचं उत्तर तेव्हा जगात कुणाकडेच नव्हतं.

धागा सापडला जपानमध्ये, तोही नागोयाच्या एका कॅन्सर संस्थेत. निशिझुका आणि साकाकुरा यांनी 1969 मध्ये अवघ्या तीन दिवसांच्या उंदरिणींची थायमस ग्रंथी काढली. संरक्षक पेशींपैकी टी पेशी जिथे परिपक्व होतात ती ही ग्रंथी. ती गेल्यावर प्रतिकारशक्ती फक्त मंदावेल असं कुणालाही वाटलं असतं. झालं भलतंच: त्या उंदरिणींची अंडाशयं नष्ट झाली. पुढे कळलं की त्यांच्याच टी पेशी त्यांच्यावर उलटल्या होत्या. शिमोन साकागुची यांनी निरोगी उंदरांच्या टी पेशी टोचल्या आणि हल्ला थांबला. म्हणजे टी पेशींमध्येच आवर घालणाऱ्या, नियामक पेशीही होत्या.

काळ मात्र प्रतिकूल होता. येल विद्यापीठातल्या रिचर्ड गर्शन यांनी 1970च्या दशकात 'सप्रेसर' पेशींची कल्पना गाजवली होती. पण त्या पेशींचा म्हणून सांगितलेला जनुक ठरल्या जागी मिळालाच नाही आणि सगळा विषयच बदनाम झाला. साकागुची हटले नाहीत. 1995 मध्ये त्यांनी सीडी 25 ही खूण असलेल्या पेशी दाखवून दिल्या. 1999 मध्ये उंदरांमधून त्या काढून टाकल्यावर शरीराने गाठी परतवल्या. या चिकाटीचा सन्मान 2025च्या नोबेलने झाला. मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल त्यात सहमानकरी होते.

गोष्ट इथे सरळ होत नाही. 2004 मध्ये अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये दिसलं, की गाठीत नियामक पेशी जितक्या जास्त तितकं आयुष्य कमी. डोक्या-मानेच्या कॅन्सरवरच्या 2006च्या एका फ्रेंच अभ्यासात उलट कौल आला. धारवाडकडचा तोंडाचा कॅन्सर याच गटात मोडतो, म्हणून हा विरोध महत्त्वाचा.

टाटाच्या डॉक्टरांनी 2022 मध्ये एक दिलासा दिला. याच कॅन्सरच्या बऱ्या न होणाऱ्या टप्प्यात, तोंडाने घ्यायच्या स्वस्त औषधांना निवोलुमॅबच्या जेमतेम 20 मिलिग्रॅमची जोड दिल्यावर वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण 16.3 टक्क्यांवरून 43.4 टक्क्यांवर गेलं. निवोलुमॅब टी पेशींवरचा वेगळा लगाम सोडवतं. नियामक पेशी फक्त गाठीतून काढणं अजून अवघड आहे. सगळ्या शरीरातून काढल्या, तर नागोयातल्या उंदरिणींचं झालं तेच माणसाचं होईल.