जेक्वेरी

जेक्वेरी ही जावास्क्रिप्ट या आज्ञावली भाषेत लिहिलेली एक मुक्त स्रोत लायब्ररी आहे. वेबपानावरील घटक निवडणे, त्यांत बदल करणे, वापरकर्त्याच्या कृतींना प्रतिसाद देणे आणि पान पुन्हा न उघडता सर्व्हरकडून माहिती मागवणे ही कामे थोड्या ओळींत करण्यासाठी तिचा वापर होतो. जेक्वेरी ही स्वतंत्र भाषा नाही. तिच्यात ठळकपणे दिसणारे डॉलरचे चिन्ह हेदेखील जावास्क्रिप्टमधील एका फंक्शनचे नाव आहे.

इतिहास

जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप या कंपनीत तयार केली. १९९७ साली तिचे पहिले प्रमाणित रूप प्रसिद्ध झाले. तरीही पानावरील घटक हाताळण्याच्या पद्धती निरनिराळ्या ब्राउझरांत भिन्न राहिल्या व एकाच कामासाठी वेगवेगळे कोड लिहावे लागे. जॉन रेसिग यांनी २००६ साली प्रकाशित केलेल्या जेक्वेरीने हा भेद लायब्ररीच्या आत सामावून घेतला. त्यामुळे तिचा झपाट्याने प्रसार झाला. वर्डप्रेस आणि मीडियाविकी या प्रणालींतही तिचा वापर होतो.

अन्य भाषांशी तुलना

नावात साम्य असले तरी जावा आणि जावास्क्रिप्ट या भिन्न भाषा आहेत. जावा, सी किंवा पायथन येणाऱ्या व्यक्तीस जावास्क्रिप्ट शिकताना पुढील फरक प्रामुख्याने जाणवतात:

* प्रकार: व्हेरिएबलचा प्रकार आधी सांगावा लागत नाही. दोन बरोबर चिन्हांनी तुलना केल्यास अंक ५ आणि अक्षररूप ५ समान ठरतात. तीन चिन्हांनी केल्यास ठरत नाहीत.
* धिस: सामान्य फंक्शनमध्ये या शब्दाचा अर्थ ते फंक्शन कसे बोलावले यावर ठरतो. जेक्वेरीच्या घटना हाताळणाऱ्या फंक्शनमध्ये तो सहसा संबंधित घटक दर्शवतो. बाण-फंक्शनमध्ये मात्र तसे होत नाही.
* क्रम: सर्व्हरकडे मागणी केल्यावर उत्तराची वाट न पाहता पुढील ओळी चालतात. म्हणून उत्तरावर अवलंबून असलेले काम उत्तर आल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्येच लिहावे लागते.
* रिकामी निवड: शोधलेला घटक न सापडल्यास जेक्वेरी त्रुटी दाखवत नाही, रिकामा संच देते. नाव लिहिण्यात चूक झाली तरी पान मुकाट्याने चालू राहते आणि दोष शोधणे कठीण जाते.
* फेरी: जेक्वेरीच्या ईच फंक्शनला आधी अनुक्रमांक व नंतर मूल्य मिळते, जावास्क्रिप्टच्या फॉरईचमध्ये हा क्रम उलट असतो.

सुरक्षितता

वापरकर्त्याने भरलेला मजकूर जेक्वेरीच्या एचटीएमएल पद्धतीने पानात घातल्यास त्यात दडवलेला घातक कोड इतर वाचकांच्या ब्राउझरमध्ये चालू शकतो. असा मजकूर टेक्स्ट पद्धतीने घातल्यास तो केवळ अक्षरे म्हणून दिसतो.

सद्यस्थिती

जेक्वेरीने रूढ केलेल्या अनेक सोयी कालांतराने ब्राउझरांतच उपलब्ध झाल्या. सीएसएस निवडकांनी घटक शोधणे आणि फेचद्वारे माहिती मागवणे ही त्याची उदाहरणे होत. २०२१ साली बूटस्ट्रॅपच्या पाचव्या आवृत्तीने जेक्वेरीवरील अवलंबन काढून टाकले. नव्या प्रकल्पांत तिची गरज कमी झाली असली, तरी असंख्य जुनी संकेतस्थळे तिच्यावर उभी आहेत. त्यांची देखभाल करणाऱ्यास जेक्वेरी यावी लागते, आणि तिच्यातील दोष उलगडण्यासाठी मूळ जावास्क्रिप्टचे ज्ञान आवश्यक ठरते.