ग्रंथपालाची फूटपट्टी

जालन्यातल्या कॉलेजांत 'इम्पॅक्ट फॅक्टर' हा शब्द कानावर येतो तो बहुतेक वेळा बढतीच्या फायलीसोबत. त्याचं मूळ मात्र लायब्ररीच्या तुटपुंज्या बजेटमध्ये आहे.

1927 साली अमेरिकेतल्या पोमोना कॉलेजमधल्या ग्रॉस आणि ग्रॉस या दोघांसमोर प्रश्न होता: पैसे थोडे, मग रसायनशास्त्राची कोणती नियतकालिकं घ्यायची? त्यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकाचा 1926 चा खंड उघडला आणि लेखांखालचे संदर्भ मोजले. ज्याचे संदर्भ जास्त, ते आधी घ्यायचं. यादीत वर आलं ते एक जर्मन नियतकालिक. हिशेब खरेदीचा होता. त्यातून कुणाला गुण द्यायचे नव्हते.

यूजीन गारफील्डने 1955 मध्ये हीच कल्पना मोठी केली, 1964 मध्ये 'सायन्स सायटेशन इंडेक्स' आला आणि 1975 पासून नियतकालिकांचे वार्षिक आकडे. समजा, एका नियतकालिकाने 2022 आणि 2023 मध्ये मिळून 100 लेख छापले आणि 2024 मध्ये त्यांचे 50 संदर्भ दिले गेले, तर इम्पॅक्ट फॅक्टर 0.5. (गूगलच्या पेजरँकची कल्पनाही याच संदर्भमोजणीतून आलेली, त्यामुळे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे गणित जरा जास्तच आवडतं.) पण सूचीत नसलेल्या नियतकालिकांतले संदर्भ मोजलेच जात नाहीत. मराठवाड्यातल्या निजामकालीन जमीनमहसुलावर मराठीत लिहिलेला लेख कितीही वाचला गेला, तरी या गणितात तो जवळपास शून्यच.

1955 मध्येच परळच्या केईएम रुग्णालयात आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजमध्ये 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' सुरू झालं. पुढे इंटरनेट आल्यावर त्याने सगळे लेख फुकट खुले केले, तेही लेखकांकडून पैसे न घेता. हे घडवण्यात बालरोगतज्ज्ञ डॉ. डी. के. साहू आणि त्यांची मुंबईची 'मेडनो' यांचा मोठा हात होता. कोणतं घ्यायचं या ग्रॉसच्या प्रश्नाला हे माझ्या मते सर्वांत चांगलं उत्तर होतं: विकत घ्यायची गरजच ठेवू नका.

पण 2010 मध्ये यूजीसीने प्राध्यापकांच्या नेमणुका आणि बढत्या गुणांना बांधल्या. इम्पॅक्ट फॅक्टर असेल तर जादा गुण. मागणी आली तसे दुकानदारही आले. पैसे भरा, चार दिवसांत लेख छापून घ्या. आणि मुखपृष्ठावरचा इम्पॅक्ट फॅक्टर कुठल्याशा भलत्याच कंपनीने दिलेला. 'खुलं' या शब्दाची अब्रू इथे गेली. 2018 मध्ये पुण्याच्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी यूजीसीच्या मान्य यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली 1009 नियतकालिकं तपासली. 88 टक्क्यांहून अधिक कमअस्सल निघाली. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने 4305 नावं वगळली. 2019 मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून 'केअर' यादी आली. फेब्रुवारी 2025 मध्ये तीही बंद झाली.

निवड आता पुन्हा विद्यापीठांकडे आणि कॉलेजांकडे आली आहे. 2003 मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठात सुरू झालेली खुल्या नियतकालिकांची निर्देशिका, 'डीओएजे', पाहायला पैसे लागत नाहीत. 2016 मध्ये तिने स्वतःच्याच यादीतली सुमारे 3300 नावं काढली. एखादं नियतकालिक तिथे शोधायला मिनिट लागतं; संपादक मंडळातल्या दोघांना 'आपण खरंच या मंडळावर आहात का?' असा ईमेल टाकायला आणखी पाच.