नेटच्या गुणांना एवढे वजन कशासाठी?

सोलापुरातल्या महाविद्यालयांत पीएच.डी. प्रवेशाचा विषय निघाला की एक मत हमखास ऐकू येते : देशभर एकच परीक्षा घ्या, तिच्या गुणांवर यादी लावा, म्हणजे वशिला आपोआप संपेल. विद्यापीठ अनुदान आयोगाने २७ मार्च २०२४च्या सूचनेने या मताला बळ दिले. जून २०२४च्या परीक्षेपासून नेटचे, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे, गुण पीएच.डी. प्रवेशासाठी धरता येतात. ज्यांना जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) मिळत नाही, त्यांच्या निवडीत नेटला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो.

या मताच्या मागे खरा अनुभव आहे, हे आधी मान्य करायला हवे. आयोगाच्या २०१६च्या नियमावलीत लेखी चाचणी केवळ पात्रतेपुरती होती. त्यापुढची निवड मुलाखतीवर ठरे. मुलाखतीत काय होऊ शकते, हे जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या नाफे समितीने त्याच वर्षी दाखवले. वंचित गटांतल्या उमेदवारांना लेखीच्या मानाने तोंडी परीक्षेत कमी गुण पडत असल्याचे तिला आढळले आणि तोंडीचे गुण ३०वरून १५वर आणावेत, अशी शिफारस तिने केली. आयोगाच्या २०१८च्या दुरुस्तीत लेखी आणि मुलाखतीचे ७०:३०चे प्रमाण आले. घरात पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोचलेल्या मुलाला बंद खोलीतल्या चार प्राध्यापकांपेक्षा छापील प्रश्नपत्रिका अधिक विश्वासाची वाटते, यात त्याचे काही चुकत नाही.

परीक्षेचे गुण निरर्थक असतात, असेही माझे म्हणणे नाही. अमेरिकेतल्या जीआरई परीक्षेवर कुन्सेल, हेझलेट आणि वन्स यांनी २००१ मध्ये ८२ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या माहितीचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. जीआरईच्या गुणांवरून पुढच्या अभ्यासक्रमातल्या गुणांचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो, असे त्यात दिसले. पण त्याच अभ्यासातल्या आणखी दोन गोष्टी आपल्याकडे कोणी सांगत नाही. सामान्य क्षमतेच्या परीक्षेपेक्षा विषयाची परीक्षा अधिक भरवशाची ठरली. आणि विद्यार्थी पदवी पूर्ण करील का, याचा अंदाज गुणांवरून फारच कमी बांधता आला.

आता नेटकडे पाहू. ३०० गुणांपैकी १०० गुण सर्व विषयांना समान असलेल्या पहिल्या पेपरचे, म्हणजे एक तृतीयांश गुणांचा उमेदवाराच्या विषयाशी संबंधच नाही. तीन तासांत १५० प्रश्न, सगळे पर्यायी. २०१२च्या आधी तिसरा पेपर वर्णनात्मक होता आणि उमेदवाराला चार परिच्छेद सलग मांडता येतात का, हे तेवढ्यापुरते तरी कळत असे. आज प्रबंध लिहिण्याची पात्रता एकही वाक्य न लिहिता सिद्ध होते!

भाषेचा मुद्दा मला याहून गंभीर वाटतो. भाषाविषय सोडले तर नेटची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते. सोलापूर जिल्ह्यातली असंख्य मुले इतिहास, समाजशास्त्र, अर्थशास्त्र मराठीतून शिकतात. राज्याची सेट परीक्षा त्यांना मराठीत प्रश्न देते. नेट देत नाही. अशा मुलाला दहा गुण कमी पडले तर ते विषयाच्या अज्ञानाने की माध्यमामुळे, हे त्या आकड्यातून कळत नाही.

सोलापुरात संशोधनाला काय लागते? १९३०च्या मार्शल लॉचा अभ्यास करायचा तर सरकारी कागद इंग्रजीत सापडतील. पण शहराच्या आठवणी मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दूत विखुरलेल्या आहेत. पूर्व भागातल्या विडी कामगार स्त्रीशी तेलुगूत बोलू शकणारी, तिचा विश्वास मिळवू शकणारी मुलगी अशा संशोधनासाठी अमूल्य आहे. नेटमध्ये या कशालाच गुण नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले ते ७५०पैकी २८२ गुणांनी. सहा वर्षांनी सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबियाला गेले. एका उदाहरणाने नियम बनत नाही, पण गुणांच्या यादीबाहेर काय राहून जाते, ते या उदाहरणातून कळते.

एकाच परीक्षेवर भिस्त ठेवण्याचा धोकाही आपण पाहिला. १८ जून २०२४ रोजी झालेली नेट दुसऱ्याच दिवशी रद्द झाली आणि नऊ लाखांहून अधिक परीक्षार्थी अधांतरी राहिले.

म्हणून माझे मत असे : नेट-सेटचे गुण पात्रता ठरवायला वापरा, क्रम लावायला नको. आणि क्रम लावण्याचे काम मुलाखतीकडेही देऊ नका. आयोगाच्या २०२२च्या नियमांनुसार विद्यापीठाला स्वतःची प्रवेश परीक्षा घेता येते; तिचा निम्मा भाग संशोधनपद्धतीचा आणि निम्मा विषयाचा असावा, एवढे नियम सांगतात. ती पर्यायी प्रश्नांचीच हवी, असे बंधन त्यांत नाही. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या विद्या परिषदेने ही परीक्षा वर्णनात्मक करावी, उत्तरे मराठीत लिहू द्यावीत आणि उत्तरपत्रिका नाव झाकून दोन परीक्षकांकडून तपासून घ्याव्यात; त्यांतला एक बाहेरचा असावा. यात खर्च वाढेल, निकालाला वेळ लागेल. एका जिल्ह्यापुरत्या विद्यापीठाला ते झेपण्यासारखे आहे, आणि येत्या प्रवेशापासूनच ते सुरू व्हावे.