हिरवेपणाचा दाखला

नांदगाव तिठ्यावरून देवगडच्या रस्त्याला लागलं की काजूच्या बागा, मधूनमधून ऐन-किंजळ, सगळं हिरवंगार. एवढ्यावरून सिंधुदुर्गातलं जंगल ठणठणीत आहे असं मानणारे पुष्कळ, आणि त्यांचा आधारही लेचापेचा नाही. भारतीय वन सर्वेक्षणाचा अहवाल १९८७पासून साधारण दर दोन वर्षांनी निघतो; त्यात जवळपास निम्मा जिल्हा वनाच्छादित दिसतो. सबंध देशाला एकच माप, तेही पुन्हा पुन्हा लावता येणारं. ही मातब्बरी मान्य.

पण ते माप कशाचं? किमान एक हेक्टर जागेवर झाडांचं छत्र १० टक्के किंवा अधिक असलं की ते वनाच्छादन. मालकी कोणाची, झाड कोणतं, हे पाहायचं नाही. म्हणजे काजूची बागही त्यात आली. शिवाय उपग्रहाची छायाचित्रं मुख्यत्वे ऑक्टोबर ते डिसेंबरची. पाऊस सरल्यावर कोकणात पोखरलेलं झाडही टवटवीत दिसतं. लग्नातल्या फोटोवरून कोणी घरच्यांची प्रकृती ठरवत नाही!

काजूवरचा रोठा घ्या. अळी शिरते बुंध्याशी, जमिनीलगत. सालीला बारीक छिद्रं, त्यांतून डिंक आणि भुसा. आत ती साल पोखरत मुळांपर्यंत पोचलेली. वर पालवी जशीच्या तशी. पानं पिवळी पडून गळू लागेपर्यंत झाड बहुधा हातचं गेलेलं असतं. उलट भर उन्हाळ्यात ऐन पार निष्पर्ण होतो, तो धडधाकट असून.

अमेरिकेत १९९०च्या सुमारास सुरू झालेल्या वन-आरोग्य निरीक्षणात म्हणूनच नजर मुळांपासून वर नेत असत. इजा कुठे, कसली, किती, अशी नोंद. मुळाची आधी, पानांची शेवटी. खोडावरची उघडी जखम घेराच्या २० टक्क्यांपर्यंत पोचली तरच धरायची. दोन माणसं एकच झाड दोन तऱ्हांनी वाचतील, हा आक्षेप इथे ठरलेला. वाचतीलच, म्हणून तर हा उंबरठा. वन सर्वेक्षणाची माणसंही नमुना-क्षेत्रांत उतरून मोजमाप घेतात, पण चर्चा होते टक्केवारीचीच. मे २०२१च्या तौक्ते वादळानंतर उन्मळलेली झाडं पंचनाम्यात आली. मुळं तुटूनही उभी राहिलेली कुठल्या रकान्यात घालायची?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. इजा मोजत बसलो तर कोकणात निरोगी झाड उरायचंच नाही: भाजावळीसाठी कवळ तोडून तोडून खुंटलेले ऐन, देवराईतले ढोलीदार जुने वृक्ष. पण नोंद म्हणजे निकाल नव्हे. तोडीच्या जखमेवर साल चढतेय की कूज आत शिरलीय, हे तेच झाड काही वर्षांनी पुन्हा पाहिल्यावर कळतं. आणि ढोलीत धनेशाची मादी स्वतःला लिंपून बसली असेल, तर वहीत ‘खोड, ढोली’ एवढं लिहायचं आणि झाड राहू द्यायचं.